सापडलेला कुत्रा लांब पाठवू नका, आधी आजूबाजूला विचारा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पत्र जरा लांबलंय, जागेअभावी कापायचं तर कापा, पण पोस्टरचा आणि पोलीस ठाण्याचा भाग तेवढा राहू द्या ही विनंती.

माझं विक्रोळी पूर्वेला कन्नमवार नगरात झेरॉक्स-लॅमिनेशनचं छोटं दुकान आहे. आधार कार्ड, शाळेचे फॉर्म, लग्नाचे बायोडेटा, भाड्याची ॲग्रीमेंटं हे रोजचंच, पण त्याच्या जोडीला एक काम वर्षभर येत राहतं ते म्हणजे ‘हरवला आहे’ आणि ‘सापडला आहे’ची पोस्टरं. कुणाचा लॅब्रॅडॉर कुत्रा हरवला, कुणाची पर्शियन मांजर, कुणाचा पिंजऱ्यातला कॉकाटील उडाला. दिवाळीत आणि विसर्जनाच्या दिवसांत जास्त, कारण कुत्र्याचा कान आपल्यापेक्षा कितीतरी तिखट, त्यात सुतळी बॉम्ब वाजला किंवा डीजे लागला की तो बिचारा जिथे फट दिसेल तिथून सुटतो आणि मग स्वतःलाच कळत नाही कुठे आलो. आता माझ्या काउंटरला हरवणारेही येतात आणि ज्यांना सापडलाय तेही येतात, आणि गंमत अशी की बरेचदा दोघं एकमेकांपासून चार-पाच बिल्डिंगांच्या अंतरावर राहत असतात आणि दोघांनाही पत्ता नसतो. पेपरात भटक्या कुत्र्यांवर रोज काहीतरी येतं, वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेलाय, त्यात मला शिरायचं नाही. मला बोलायचंय ते घरातून चुकलेल्या प्राण्याबद्दल, ज्याचं कुणीतरी कुठेतरी रडत बसलेलं असतं.

सांगायचं एवढंच आहे की सापडलेला प्राणी लांब पाठवू नका. त्याचं घर बहुतेक वेळा पायी जाण्याच्या अंतरावर असतं, आणि आपण भलं करायच्या भरात त्याला गाडीत घालून पार दुसऱ्या टोकाला पोचवतो.

हे मी बघितलंय म्हणून सांगतो. हायवेच्या सर्व्हिस रोडला कॉलेजच्या पोरांना एक शित्झू सापडला, पोरं चांगली, त्यांनी त्याला उचललं, पाणी पाजलं, फोटो काढला आणि सगळ्या ग्रुपवर टाकला. फोटो फिरत फिरत ठाण्याला गेला, पुण्याला गेला, नाशिकला कुणाच्या मावशीच्या भिशीच्या ग्रुपवर पोचला, शेकड्याने हात जोडलेले इमोजी आले, पण कुत्रा ज्यांचा होता त्या आजींकडे कीपॅडवाला फोन. मुलगा दुबईला, घरात आजी आणि कुत्रा दोघंच. पोरांना घरी ठेवायची परवानगी नव्हती म्हणून दुसऱ्याच दिवशी कुणीतरी ओळखीने कल्याणच्या पुढे एका शेल्टरला त्याची सोय केली, टेम्पोने रवानाही केला. आणि मग आजी माझ्या दुकानात आल्या, हातात नातवाच्या बारशाचा फॅमिली फोटो, त्यात कोपऱ्यात सोफ्याखालून कुत्र्याचं तोंड दिसतंय, म्हणाल्या, “दादा, एवढंच मोठं करून दे.” मी ओळखला, कारण तोच फोटो माझ्या मोबाइलवर पण येऊन गेला होता. कुत्रा परत आला हो, पण त्याला मधे इतर कुत्र्यांकडून खोकला लागला, आजींची शुगर वर गेली, आणि येण्याजाण्याचा खर्च झाला तो वेगळाच. पोरांनी टेम्पोच्या आधी खालच्या वॉचमनला विचारलं असतं तर संध्याकाळीच प्रश्न मिटला असता, कारण वॉचमन रोज सकाळी त्या आजींना कुत्र्यासोबत बघत होता.

आता पहिला प्रश्न येतो की पाळलेला कोणता आणि रस्त्यावरचा कोणता. लोक म्हणतात पट्टा बघा. अहो, मुंबईत रस्त्यावरच्या कुत्र्यांनापण पट्टे असतात, रात्री खायला घालणारे फीडर लोक त्यांना अंधारात चमकणारे पट्टे बांधतात, गाडीखाली येऊ नये म्हणून. दुसरं लोक सांगतात की कानाचा तुकडा व्ही आकारात कापलेला असेल तर नसबंदी झालेला रस्त्यावरचा कुत्रा, ते खरंय, पण त्यातलेच कितीतरी पुढे लोकांनी घरी नेलेले असतात, गावठी कुत्रा आणि कान कापलेला म्हणजे बेवारस असं धरू नका. मी पाहतो ते नखं. घरात लादीवर फिरणाऱ्याची नखं वाढलेली असतात, रस्त्यावरच्याची डांबरावर घासून बोथट झालेली असतात. मग चाल बघा. एरियातला कुत्रा निवांत असतो, त्याला रिक्षा कुठून येते ते माहीत असतं, तो थांबून रस्ता ओलांडतो. चुकलेला भर रस्त्यातून सरळ चालत सुटतो, शेपूट आत, प्रत्येक गेटपाशी थांबून वास घेतो आणि दर चौकात तिथली टोळी त्याला भुंकून पुढे हाकलते, असा तो ढकलला जात जात घरापासून लांब जातो. पुढच्या पायावर केस काढलेला चौकोन दिसला तर समजा सलाईन लावलेलं आहे, म्हणजे जवळच्या कुठल्यातरी व्हेटकडे, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकडे, हा आठवड्या-दोन आठवड्यांत गेलेला आहे आणि तिथे ओळखतील.

आणि जो रस्त्यावरचाच आहे, धडधाकट आहे, आपल्या नाक्यावर झोपलाय, तो हरवलेला नाही, तो घरीच आहे. त्याला उचलून ‘वाचवू’ नका. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतसुद्धा नसबंदी आणि लस झाल्यावर कुत्रा जिथून उचलला तिथेच सोडायचा असंच आहे. मांजरीच्या पिल्लांचंही तेच, आई एकेक करून जागा बदलत असते, जिन्याखाली एकटं पिल्लू दिसलं की लोक लगेच खोक्यात घालून निघतात, जरा लांब उभं राहून काही तास वाट बघा, आई येते.

मोठ्या मांजरीचं मात्र वेगळं आहे. घरातली मांजर सटकली तर ती लांब जात नाही, ती घाबरून जवळच लपते, मीटर बॉक्सच्या मागे, पाण्याच्या टाकीखाली, टेरेसच्या पत्र्यावर, गाडीच्या बोनेटमध्ये, आणि मालकाने हाक मारली तरी भीतीने ओ देत नाही. त्यामुळे तुमच्या बिल्डिंगमध्ये अनोळखी, केसाळ, स्वच्छ मांजर दिसली तर सर्वात आधी तुमच्याच बिल्डिंगचे सगळे मजले आणि शेजारची विंग विचारा. रात्री उशिरा सगळं शांत झालं की ती बाहेर पडते, तेव्हा वाटीत उकडलेली मच्छी ठेवली तर हाती लागायची शक्यता जास्त. दूध देऊ नका, बऱ्याचशा मोठ्या मांजरींना ते पचत नाही, पोट बिघडतं.

पकडण्याबद्दल दोन शब्द, कारण इथे सगळे धावतात. कुत्र्याच्या मागे धावलात की तो हायवेवर गेला म्हणून समजा. उकिडवे बसा, तोंड जरा बाजूला करा, डोळ्यात डोळे घालू नका, पार्ले-जीचा पुडा वाजवा. मुंबईत तो आवाज न ओळखणारा कुत्रा मी तरी बघितला नाही. जवळ आला तरी पट्टा धरायला झडप घालू नका, ओढणीचा किंवा दोरीचा सैल फास करून हळूच गळ्यात सरकवा. मांजरीला हाताने उचलायला जाऊ नका, नखं लागतील, टॉवेल टाकून टॉवेलसकट उचला आणि भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा. आणि चावला किंवा ओरखडा आला तर हळद-चुना काही लावत बसू नका, नळाखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी पालिकेच्या हॉस्पिटलला जाऊन अँटी-रेबीज घ्या, तिथे ते फुकट मिळतं. रक्त आलं असेल तर डॉक्टरांना इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे लसीसोबत जखमेत देतात त्या वेगळ्या इंजेक्शनचं, पण विचारा. कुत्रा घरातला वाटतो, लस झालेली असेल, असं गृहीत धरून लोक टाळतात, रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस वाचत नाही हे विसरू नका.

घरी आणलात तर तुमच्या कुत्र्या-मांजरापासून वेगळा ठेवा, बाथरूममध्ये, गॅलरीत, पॅसेजमध्ये, जिथे जमेल तिथे, आणि भांडी वेगळी, कारण पार्वो, डिस्टेंपर असले आजार आणि गोचीड कुणाकडून कुणाला येतील सांगता येत नाही. गोचीड काढताना चिमट्याने त्वचेच्या अगदी जवळ पकडून सरळ ओढा, रॉकेल नको, काडी पेटवणं तर नकोच. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून आलेला असेल तर त्याच्या लघवीला हात लावू नका, लेप्टोचा ताप प्राण्यांच्या लघवीतूनच पसरतो. बरेच दिवस उपाशी असेल तर एकदम पोटभर घालू नका, थोडा मऊ भात, थोडं उकडलेलं चिकन, दोन-तीन तासांनी परत थोडं. कांदा, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट हे कुत्र्याला विष आहे. ताप वाटतोय म्हणून आपली क्रोसिनची गोळी मांजरीला कधीही देऊ नका, तिच्या शरीराला पॅरासिटामॉल झेपत नाही, अर्धी गोळीसुद्धा जिवावर बेतू शकते.

हे सगळं एकीकडे आणि शोध एकीकडे, आणि शोध म्हणजे मोबाइल नाही हो, चप्पल घालून खाली उतरणं. कुत्र्याला दोरीला धरून जिथे सापडला तिथे परत न्या आणि त्याला ओढू द्या, काही काही कुत्रे सरळ आपल्या गेटपर्यंत घेऊन जातात. आणि विचारायचं कुणाला, तर ज्यांना पहाटेची मुंबई माहीत आहे त्यांना. दूधवाला, पेपर टाकणारा पोरगा, पालिकेचे झाडूवाले, वॉचमन, इस्त्रीवाला, आणि मासे घेऊन दारोदार येणारी कोळीण मावशी, तिला कुणाच्या घरी किती मांजरी आहेत आणि कुणाला बोंबील चालतो हेसुद्धा तोंडपाठ असतं. सगळ्यात भारी माहिती असते ती कुत्रे फिरवणाऱ्या पोरांकडे. एकेक पोरगा सकाळी पाच-सहा घरांचे कुत्रे घेऊन निघतो, त्याला एरियातला प्रत्येक पाळीव कुत्रा नावानिशी माहीत असतो. त्याला फोटो दाखवा, तो सांगेल, “अरे, हा तर बी-१२ चा ब्रूनो.” मग रात्रीचे फीडर, मग पेट शॉप, मग जवळचे सगळे व्हेट, फक्त एकच नाही.

व्हेटकडे चिप तपासून घ्या. तांदळाच्या दाण्याएवढी असते, दोन खांद्यांच्या मधे कातडीखाली घालतात, १५ आकडी नंबर असतो. तिला बॅटरी नसते आणि ती जीपीएस पण नाही, लोकांना वाटतं मोबाइलवर लोकेशन दिसतं, तसं काही नाही, स्कॅनर जवळ धरला तरच नंबर दिसतो. कधी कधी ती सरकून खांद्यावर, पायाकडे गेलेली असते, म्हणून सगळ्या अंगावरून स्कॅनर फिरवायला सांगा. सगळ्या क्लिनिकमध्ये स्कॅनर नसतो हेही खरं. आणि ज्यांच्या कुत्र्याला चिप आहे त्यांना सांगणं की तो नंबर कुठल्या रजिस्टरला, कुठल्या फोन नंबरसोबत नोंदवलाय ते आजच बघा, सिम बदलून चार वर्षं झालेली असतात आणि चिप जुन्याच नंबरवर असते. त्यापेक्षा पट्ट्याला फोन नंबर लटकवलेला बरा, चावीवाला पण पितळी बिल्ल्यावर नंबर कोरून देतो, आणि तेवढंही जमत नसेल तर छोटं कार्ड लॅमिनेट करून माझ्यासारखा कुणीही दहा रुपयांत देईल. ही जाहिरात समजा हवं तर.

आता पोस्टर, माझा विषय. लोक येतात आणि कवितेसारखा मजकूर देतात, आमचा लाडका, आमच्या घरचा सदस्य, वगैरे. भावना कळतात, पण स्कूटरवरून जाणारा माणूस तीन सेकंद बघतो. त्याला वर मोठ्ठं ‘कुत्रा सापडला’, मधे एक रंगीत फोटो, खाली एरियाचं नाव आणि फोन नंबर, बस. नंबर एवढा मोठा की रस्त्याच्या पलीकडून दिसावा. मराठी आणि हिंदी दोन्ही टाका, इंग्रजी जागा उरली तर. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून लावता ना, तर फोल्डरचं तोंड खाली ठेवा, वर ठेवलं की पाणी आत साचून शाई उतरते आणि दुसऱ्या दिवशी कुत्र्याच्या जागी निळा डाग. सरकारी भिंतींवर, खांबांवर चिकटवू नका, मालमत्ता विद्रूपीकरणाचा १९९५ चा कायदा आहे, दुकानाच्या काचा, सोसायटीचे नोटीस बोर्ड पुष्कळ आहेत. आणि मंडळाचा फळा! आपल्याकडे प्रत्येक मंडळाच्या फळ्यावर खडूने सुविचार, निधनवार्ता, पाणी बंदची सूचना लिहितात, आणि तो फळा जाता-येता सगळी म्हातारी माणसं वाचतात, अगदी ज्यांच्याकडे वॉट्सॲप नाही तीच. कार्यकर्त्याला सांगा, तो दोन ओळी लिहून देतो, पैसे पडत नाहीत.

पण पोस्टरवर सगळं छापू नका, ही गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो. एक खूण स्वतःकडे ठेवा. पोटावरचा डाग, पट्ट्याचा रंग, शेपटीला गाठ, काहीही. कारण महागड्या जातीचा कुत्रा सापडला की मालक एकाचे तीन होतात, विशेषतः मादी असेल तर, पिल्लं काढून विकणारे टपलेले असतात. फोन करणाऱ्याला तुम्ही सांगू नका, त्याला सांगू द्या. खरा मालक न विचारता शंभर गोष्टी बोलतो, डावा कान पडतो, लिफ्टला घाबरतो, आणि त्याच्याकडे लहानपणापासूनचे फोटो असतात, लसीचं बुक असतं, व्हेटचं नाव असतं. मुंबईत कुत्रा पाळायला पालिकेचं लायसन्स लागतं, ते असेल तर प्रश्नच नाही. द्यायचा तर दिवसा, वॉचमनसमोर, त्याच्या ओळखपत्राचा फोटो काढून. उलटी फसवणूक पण चालते, ज्यांचा हरवलाय त्यांना फोन येतो, “तुमचा कुत्रा माझ्याकडे आहे, पनवेलला आहे, गाडीभाडं पाठवा”, क्यूआर कोड येतो आणि पैसे गेले की फोन बंद. व्हिडिओ कॉलवर कुत्रा दाखवल्याशिवाय एक रुपया टाकू नका.

दोन दिवसांत कुणी आलं नाही की शेजारी म्हणायला लागतात, “जाऊ दे, नशिबाने आलाय, ठेवून घे.” कायदा तसं म्हणत नाही. पाळीव जनावर ही कायद्याने कुणाची तरी मालमत्ता आहे, आणि १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७१ प्रमाणे सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती नीट सांभाळायची जबाबदारी येते. मालक शोधायचा प्रयत्न न करता, किंवा मालक कोण ते कळत असून ती बळकावली तर पूर्वी भारतीय दंड विधानाचं कलम ४०३ लागायचं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ आहे, सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा आणि दंड. जो परत द्यायच्या हेतूने सांभाळतो त्याला काही होत नाही, घाबरू नका, पण कागद करून ठेवा. पोलीस ठाण्यात जा, साध्या कागदावर अर्ज लिहा, कुठे, कधी, कसला प्राणी, सध्या कुठे ठेवलाय, फोटो जोडा, आणि तुमच्या प्रतीवर पोच घ्या. समोरचे साहेब म्हणतील, “आम्ही कुठे ठेवू त्याला?” तर शांतपणे सांगायचं, साहेब, ठेवायला नाही आणला, नोंद करायला आलोय, कुणी विचारत आलं तर माझा नंबर द्या. खर्चाचं म्हणाल तर करार कायद्याच्याच कलम १६८ मध्ये सापडणाऱ्याला आपला खर्च मिळेपर्यंत वस्तू राखून ठेवता येते, पण खर्चासाठी दावा लावता येत नाही, आणि मालकाने बक्षीस जाहीर केलं असेल तर ते मात्र मागता येतं. व्हेटचं बिल जपून ठेवा, बहुतेक मालक न मागता देतात.

सोसायटीची कमिटी कटकट करते, “आमच्याकडे प्राणी चालत नाहीत”, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना त्यांना दाखवा, सोसायटीला सरसकट पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. भांडू नका मात्र, दोन रात्रींचा प्रश्न असतो.

जखमी असेल तर गोष्ट वेगळी, मग जवळ-लांब बघायचं नाही. आमच्या पिढीला परळचं बैलघोडा हॉस्पिटल माहीत आहे, खरं नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल, एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे, आणि परळलाच पशुवैद्यकीय कॉलेज आहे १८८६ सालचं. तिथे उपचाराला न्या. पण धडधाकट, नुसता वाट चुकलेला कुत्रा अशा ठिकाणी किंवा संस्थेच्या गेटला बांधून रिक्षा पकडणारे लोक आहेत आणि ते घरी जाऊन पुण्य केल्याचं स्टेटस टाकतात, त्यांना काय म्हणावं. संस्थांकडे जागा नसते, आजारी जनावरांच्या मधे निरोगी जनावर आजारी पडतं, आणि विक्रोळीतला मालक आपला कुत्रा परळच्या पिंजऱ्यात शोधायला जाईलच असं कुठे लिहिलंय.

अजून एक जात आहे, जी हरवलेली नसते, सोडलेली असते. आमच्याकडे रिडेव्हलपमेंट जोरात आहे, जुन्या बिल्डिंगा रिकाम्या होतात, माणसं भाड्याच्या घरात जातात आणि नवा घरमालक म्हणतो कुत्रा चालणार नाही. मग सामान टेम्पोत आणि कुत्रा पत्र्याच्या कुंपणाच्या आत. तो तिथेच बसून राहतो, उपाशी, आपल्याच जिन्यावर, आणि बाउन्सर त्याला हाकलतात. हा गुन्हा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा, कलम ११, उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी सोडून देणं यात येतं. आणि दंड किती, तर पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये! माझ्याकडे ए-फोरची एक रंगीत प्रिंट दहा रुपयांना आहे. म्हणजे कुत्रा रस्त्यावर सोडायचा दंड आणि त्याचं पोस्टर एकाच भावात. खासदार मंडळींनी कधीतरी हा आकडा बघावा. असा प्राणी सापडला तर मालक शोधून परत गळ्यात मारण्यात अर्थ नसतो, त्यांच्याकडून लेखी घ्या की आम्हाला नको, आणि मग चांगलं घर बघा, तेही आधी एरियातच विचारा, कारण त्या कुत्र्याला निदान रस्ते, वास, माणसं ओळखीची राहतात.

सरकारकडे मागणं मोठं नाही. पालिकेने प्रत्येक वॉर्डात एका ठिकाणी चिपचा स्कॅनर आणि एक साधं रजिस्टर ठेवावं, सापडलेले एका बाजूला, हरवलेले दुसऱ्या बाजूला, फोटो चिकटवलेला, कुणीही जाऊन बघावं. कुत्र्याचं लायसन्स देताना फोन नंबर घेतातच, मग सापडलेल्या कुत्र्याचं वर्णन आलं की वॉर्डाच्या माणसाने त्या यादीवर नजर टाकावी, एवढंच. पोलीस ठाण्यात नोंद घ्यायला नकार देऊ नये असं एक पत्रक वरून निघालं तर फारच बरं.

आणि तुमच्याकडे पण एक मागणं आहे. छोट्या जाहिरातींच्या पानावर नावात बदल, जागा विकणे, वधू पाहिजे असं सगळं असतं. आठवड्यातून एक दिवस त्यात बोटभर जागा ‘प्राणी सापडला’ला द्या, पैसे न घेता, उपनगराच्या नावाने लावून, दोन ओळी आणि फोन नंबर. आजींसारख्या माणसांच्या घरी पेपर अजून येतो आणि तो शेवटच्या पानापर्यंत वाचला जातो. आमच्या एरियातला मजकूर गोळा करून दर आठवड्याला टाइप करून पाठवायची तयारी आहे, फोटो स्कॅन करून देईन तो वेगळा.

कळावे,
आपला,
एक झेरॉक्सवाला,
कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व), मुंबई

ता.क. पक्ष्यांचं राहिलंच. लव्हबर्ड, बजी, कॉकाटील सापडला तर वरचंच सगळं, पिंजऱ्याचं दार उघडं ठेवून आत बाजरी ठेवा आणि मालक शोधा. पण आपला हिरवा, लाल चोचीचा पोपट सापडला, किंवा चांदणीसारखी नक्षी असलेलं कासव सापडलं, तर ते वन्यजीव कायद्यात येतं, घरी पाळताच येत नाही, त्यामुळे त्याचा मालक शोधत बसू नका आणि पोस्टर लावायला माझ्याकडे येऊ नका. वन खात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा.